ती मराठीत सांगते, कागद कन्नडमध्ये होतो: घरात मार खाल्लेल्या बाईचा जबाब कसा घ्यायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर बाजूची एक बाई. रात्री नवऱ्यानं मारलं म्हणून सकाळी भावाबरोबर ठाण्यात आली. तिनं सांगितलं, "त्यानं गळा आवळला, डोळ्यापुढं अंधारी आली, लुगडं ओलं झालं, मला वाटलं आता गेले मी." पुढ्यात बसलेल्या रायटरनं ऐकलं आणि लिहिलं, अवाच्य शब्दगळिंद बैदु, कैयिंद होडेदु, जीव बेदरिके हाकिद्दाने. म्हणजे शिवीगाळ केली, हातानं मारलं, जीवे मारायची धमकी दिली. आपल्याकडच्या दर दुसऱ्या फिर्यादीत हेच वाक्य सापडतंय. गळा गेला, अंधारी गेली, लुगडं ओलं झालेलं गेलं. तिला कन्नड वाचता येत नव्हतं, तिनं सही केली. नंतर कुणीतरी वाचून अर्थ सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलेलं ह्यात काहीच न्हाई." त्यानंतर ती कुणाशीच मनमोकळं बोलली नाही, वकिलाशीसुद्धा नाही.

मी पोलीस नाही. समुपदेशक म्हणून बेळगाव जिल्ह्यात अशा बायकांच्या शेजारच्या खुर्चीवर बरीच वर्षं बसलीय, कधी ठाण्यात, कधी दवाखान्यात, कधी तिच्या माहेरच्या सोप्यात. चांगले अधिकारी बघितलेत, विजापूर-बागलकोटकडून आलेले, मराठीचा गंध नसलेले, तरी बाई ज्यांच्याजवळ पोटातलं बोलली असे. मराठी घरात वाढलेले पण बाईनं दहा मिनिटांत तोंड मिटलं असेही बघितलेत. ह्यात फरक कुठं पडतो ते सविस्तर लिहितेय, नव्यानं आयओ म्हणजे तपास अधिकारी म्हणून काम बघणाऱ्या पीएसआयसाठी, महिला कॉन्स्टेबलसाठी, आणि बाईबरोबर ठाण्यात जाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. माझा मुद्दा एकच आहे, बाईचा विश्वास बसायला गोड बोलणं पुरत नाही, आपण बोललेलं तसंच्या तसं समोरच्याच्या हातात पोचतंय असं तिला दिसावं लागतं. बाकी सगळं त्याच्या मागून येतंय.

आकडे दोनच सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि देशभरात मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडं तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. म्हणजे तुमच्या टेबलासमोर जी आलीय ती फार मोठी उडी मारून आलीय, आणि तिला परत पाठवायला तुमचं एक वाक्य पुरतंय.

ती बसायच्या आधी

पहिलं काम खुर्चीचं. ठाण्यात शिरल्या शिरल्या जो मोठा हॉल असतो, जिथं वायरलेस वाजतंय, ट्रॅफिकवाले पावत्या मोजतायत, कुणी चोरीचा मोबाईल घेऊन आलाय, तिथं ही बाई काही सांगणार नाही. आतली खोली नसली तर मागची पडवी चालेल, स्टोअरची खोली चालेल, फक्त दार लोटता आलं पाहिजे आणि तिला दार दिसलं पाहिजे. कोंडून मार खाल्लेल्या बाईला दाराकडं पाठ करून बसवलं की तिचं निम्मं लक्ष मागंच राहतंय. तुम्ही टेबलाच्या पलीकडं नका बसू, कोपऱ्याला तिरकं बसा. कमरेचं पिस्तूल, हातातली काठी बाहेर ठेवून या. फोन सायलेंट.

तिला ठाण्यातच बोलवायला पाहिजे असं काही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणं बाईला तिच्या राहत्या घराव्यतिरिक्त दुसरीकडं जबाबासाठी बोलावता येत नाही, तिची स्वतःची तयारी असली तर ती येऊ शकते. पण घर म्हणजे सासर नव्हे हो! सासू चुलीजवळ बसून ऐकतेय आणि सून सोप्यात जबाब देतेय, ह्याला काय अर्थ आहे. ती सध्या जिथं सुरक्षित राहतेय तिथं जा, आणि शक्य तर साध्या कपड्यात, गाडी गल्लीच्या तोंडालाच लावून. येळ्ळूर असो नाहीतर कागवाड, गावात जीप थांबली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतंय.

महिला अधिकाऱ्याचं बोलायचं तर लैंगिक अत्याचार, विनयभंग अशा कलमांत जबाब महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचा हे कायद्यातच आहे. नवऱ्याच्या छळाच्या साध्या केसला तशी सक्ती नाही, पण विचारा तरी. "मॅडमशी बोलणार की माझ्याशी चालेल?" हा प्रश्न विचारणंच महत्त्वाचं, कारण घरात तिला कुणी काय पाहिजे म्हणून विचारलेलं नसतंय. काही बायका "तुमच्याशीच बोलते साहेब" म्हणतात, तेही ठीक. महिला कॉन्स्टेबल त्याच गावची असली तर मात्र जपून, कधी कधी ती नवऱ्याच्या मावसबहिणीची जाऊ निघते.

आणि सगळ्यात आधी, पाण्याच्याही आधी, दोन गोष्टी विचारा. घरी किती वाजेपर्यंत पोचायला पाहिजे, शेवटची बस कितीची आहे. आणि तिचा फोन कुणी बघतंय का. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून कितीतरी बायका बाजाराला, दवाखान्याला म्हणून निघून ठाण्यात येतात, हातात पैसा नसला तरी येता येतंय. पण त्यांची वेळ मोजलेली असते. साडेचारची वस्तीची बस चुकली तर रात्री घरी काय होणार हे तिला माहीत असतंय, तुम्हाला नसतंय, म्हणून ती घड्याळाकडं बघत राहते आणि तुम्हाला वाटतंय लक्ष नाही हिचं.

बरोबर आलेल्यांचं काय करायचं

भाऊ, वडील, गल्लीतले पंच, कधी पंचायत मेंबर. ही माणसं वाईट नसतात, कित्येकदा त्यांच्यामुळंच ती इथवर आलेली असते. पण भाऊ बोलायला लागला की जबाब भावाचा होतो. तो सोनं, लग्नाचा खर्च, मानपान, ह्यानं मला काय बोललं तेच सांगतो आणि ती मान हलवत बसते. त्याला बाहेर काढायचं पण अपमान न करता. त्याला काम द्या. "दादा, लग्नाची पत्रिका, फोटो, दवाखान्याचे कागद, रेशन कार्डाची झेरॉक्स एवढं आणून द्या, फार उपयोग होईल." खरंच उपयोग होतो, आणि तासभर मोकळा मिळतो. भाऊ गेल्यावर तिला विचारा, त्याच्यासमोर बोलायचंय का एकटीनं. काहींना आई शेजारी लागते, असू दे.

नवरा आणि बायको दोघांना समोरासमोर बसवून "बोला आता, काय ते मिटवा" हा प्रकार पहिल्या भेटीत अजिबात करू नका. मी हे तळमळून सांगतेय. त्याच्यासमोर तिनं जे काही सांगितलं त्याचा हिशोब त्याच रात्री घरात होतो. राजी करायची घाई लोकांना असते, ठाण्यालाही असते, पण राजीनाम्याच्या, म्हणजे समझोत्याच्या, कागदाचं भविष्य काय असतं ते आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे.

लेकरांना दुभाषी करू नका, कधीच नाही. इंग्लिश किंवा कन्नड मीडियमला जाणारी आठ-दहा वर्षांची पोरगी छान कन्नड बोलते म्हणून आईचा जबाब तिच्या तोंडून घेतलेला मी बघितलाय. त्या पोरीनं आईला काय काय झालं ते स्वतःच्या तोंडानं अनोळखी माणसाला सांगितलं. पोरांना दुसऱ्या खोलीत कुणाजवळ तरी द्या, बिस्किट द्या, आणि दार उघडं ठेवा म्हणजे आईला ती दिसतील.

भाषा, इथं थोडं थांबून वाचा

"कन्नड येतंय का?" विचारलं की आपली बाई हमखास "येतंय की" म्हणते, कारण सरकारी जागेत नाही म्हणायची भीती वाटते आणि इथल्या भाषेच्या वादात आपण कुणाच्या डोळ्यावर यायला नको असंही असतं. बाजारहाटाचं कन्नड तिला येतंयच, "एष्टु" (किती) आणि "बेड" (नको) येतंय. पण पलंगावर काय झालं हे सांगायचं कन्नड वेगळं. म्हणून प्रश्न असा टाका, "घरात आईशी कुठल्या भाषेत बोलता? त्याच भाषेत सांगा, लिहायचं मी बघतो." अधिकाऱ्याला मराठी येत नसेल तरी एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा, तोडकं आलं तरी चालेल. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तुम्हाला दिसेल.

हाक काय मारायची? आपल्या भागात "अक्का" ह्या शब्दाची फार मदत होते, कन्नडमध्येही तोच, बेळगावच्या मराठीतही तोच. वयस्कर असेल तर मावशी. आणि "तुम्ही". विशीतली पोरगी असली तरी ठाण्यात "तू", "अगं", "ए बाई" नको, घरी तिला दिवसभर तेच ऐकायला मिळतंय.

दुभाषी लागला तर तो नात्यातला नको, गावातला नको, गल्लीतल्या पंचांपैकी तर नकोच. त्याला आधी बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगा. ती "मला मारलं" म्हणाली तर "मला मारलं" असंच सांगायचं, "ती म्हणतेय की तिला मारलं" असं नको. लहान करायचं नाही. आणि शिव्या गाळायच्या नाहीत, नवरा जी शिवी देतो ती तशीच्या तशी, कारण "अवाच्य शब्द" लिहिलं की सगळ्या शिव्या एकाच मापाच्या होतात. चारित्र्यावरची शिवी रोज सकाळी सासऱ्यासमोर दिली जाते की दारू पिऊन महिन्यातून एकदा दिली जाते, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता शब्द. आपल्या बायकांचे काही शब्द असे आहेत की ते ऐकून पुढं गेलं तर जबाब पोकळ होतो. "त्रास देतो" हा त्यातला पहिला. त्रास म्हणजे टोमणा पण, उपाशी ठेवणं पण, रात्रीची जबरदस्ती पण. "तसलं वागतो", "रात्रीचं ऐकत नाही" म्हणजे बहुतेक वेळा लैंगिक जबरदस्ती. "संशय घेतो" म्हणजे फोन तपासणं, विहिरीवर मागं मागं येणं, परसाकडं गेली तरी वेळ मोजणं. "नांदवत नाही", "घालवून दिली", "आणून सोडली" हे तिन्ही वेगळे प्रसंग आहेत. असा शब्द आला की लगेच तोडून विचारू नका, तिचं बोलणं संपू दे, मग तिचाच शब्द उचला, "अक्का, तुम्ही मघाशी म्हणालात तसलं वागतो, तसलं म्हणजे काय ते मला कळलं पाहिजे, तुमच्या शब्दांत सांगा."

आणि आपल्या बोलीतली एक बारीक गोष्ट, जी भाषांतरात हमखास मरते. ती म्हणते "मारूलाय". म्हणजे मारतोय, चालू आहे, थांबलेलं नाही. कागदावर येतं "होडेदिद्दाने", मारलं, झालं गेलं. एका काळाच्या फरकानं रोजचा छळ एका रात्रीची मारहाण होऊन बसतो.

म्हणून माझं सांगणं, जबाब कन्नडमध्ये लिहा पण तिची महत्त्वाची चार-पाच वाक्यं मराठीतच, हवं तर कन्नड लिपीत, अवतरणात घाला आणि पुढं अर्थ लिहा. शिवाय संहितेच्या कलम १८० मध्ये साक्षीदाराचा जबाब ऑडिओ-व्हिडिओनंही नोंदवायची सोय आहे. तिला विचारून, कशासाठी ते समजावून, रेकॉर्डिंग करा. मग उद्या कुणी म्हटलं की ती असं बोललीच नव्हती तर तिचं मराठी तिथं जसंच्या तसं आहे. "रेकॉर्ड नको" म्हणाली तर ते पण ऐका.

पहिली पाच मिनिटं

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांसाठी मुलाखतीची एक पद्धत बसवली, तिच्यात तयारीनंतरची पायरीच अशी आहे की माणसाशी नातं जोडा आणि काय होणार ते समजावून सांगा, मगच हकीकत विचारा. आपल्याकडं उलट होतं, नाव, नवऱ्याचं नाव, वय, जात, धंदा, घटना किती वाजता. रकाने नंतर भरता येतात.

साधं सुरू करा. काय खाल्लं का, पोरं कुणाजवळ आहेत, कुठं दुखतंय आत्ता. दुखत असेल तर जबाब थांबवा आणि आधी दवाखाना. मग स्वतःचं नाव सांगा, तुमचं काम काय ते सांगा, हे कागद कुठं जातील, कोण वाचेल. दोन-तीन नियम मोकळेपणानं सांगून टाका: माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, आठवत नसेल तर अंदाज करायचा नाही, मी चुकीचं बोललो तर मला थांबवायचं, मधे उठायचं असेल तर उठायचं. "मला थांबवायचं" हे ऐकून बायका बघतच राहतात. साहेबाला थांबवायचं? हो.

खोटं वचन देऊ नका. "काळजी करू नको, आज रात्री त्याला आत टाकतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून नवऱ्याच्या छळाच्या कलमात (पूर्वीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) सरसकट अटक होत नाही, अटकेची गरज लिहून दाखवावी लागते. तो दुसऱ्या दिवशी गावात हिंडताना दिसला की तिचा तुमच्यावरचा विश्वास संपला, परत तो येत नाही. त्यापेक्षा "आज मी एवढं एवढं करू शकतो, अटकेचं मी आत्ता सांगू शकत नाही" हे कडू असलं तरी टिकतं.

आणि कुठली वाक्यं तोंडातून काढायची नाहीत ते तर तुम्हाला माहीतच असेल, इतकी वर्षं का सहन केलं, आधी का नाही आलात, तुम्ही काय बोललात त्याला, पोरांकडं बघून घ्या जरा. "का" नं सुरू होणारा प्रश्न बाईला आरोपासारखा लागतो. "त्या वेळी निघून जायचा विचार आला का, मग काय झालं?" असं विचारलं की तीच माहिती मिळते आणि मान खाली जात नाही.

तिला सांगू दे

एक मोठा प्रश्न आणि मग गप्प. "काल संध्याकाळी तो घरी आला तिथनं सुरू करा, तुम्हाला जमेल तसं." मग लिहिणं पण कमी करा, खाली मान घालून लिहीत राहिलात तर ती तुमच्या पेनाच्या वेगानं बोलते आणि निम्मं गाळते. पहिल्या फेरीत फक्त ऐका, दुसऱ्या फेरीत लिहा. ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच मूळ गोष्ट येते.

फिशर आणि गायसेलमन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराच्या आठवणींवर काम केलं, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला त्या जागी मनानं परत नेलं, सगळं सांगू दिलं, अगदी किरकोळ वाटणारं पण, तर जास्त आठवतं. आपल्याकडं हे फार चांगलं चालतं. कुठं उभ्या होता? चुलीवर काय होतं? कशाचा आवाज आला आधी? एका बाईला तारीख, वार काही आठवत नव्हतं, पण भाकरी तव्यावर करपल्याचा वास आठवत होता, त्यावरनं वेळ लागली आणि शेजारणीनं पण तोच करपलेला वास सांगितला. फक्त ती थरथरायला लागली, श्वास चढला तर तिथंच थांबायचं, तिला त्या खोलीत परत ढकलायचं नाही.

तारखा मागू नका, सण मागा. गणपतीच्या आधी की नंतर, यल्लम्माच्या यात्रेला गेलात तेव्हा की आल्यावर, ऊसतोड सुरू झाली होती का, धाकट्याचं बारसं झालं होतं का. निपाणीकडं तंबाखूच्या कामाला जाणाऱ्या बायका हंगामावरनं अगदी बरोबर सांगतात. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईला मार मोजता येत नाही, म्हणून तीनच विचारा: पहिल्यांदा कधी, सगळ्यात वाईट कधी, शेवटचं कधी. त्या तिन्हीत बाकी सगळं सापडतं.

ती उलटसुलट सांगेल, रडणार नाही, कधी कधी हसेल सुद्धा. तुमच्यावर चिडेल. भीतीच्या वेळी मेंदू चाकू बघतो, भिंतीवरचं घड्याळ बघत नाही, म्हणून मुख्य गोष्ट लख्ख आणि आजूबाजूचं पुसट असं होतं. दुसऱ्या दिवशी तिला नवीन काही आठवलं तर ते खोटं म्हणून नाही, पुरवणी जबाब म्हणून घ्या.

अवघड प्रश्न, पण विचारायचेच

लोकांना वाटतं हे विचारलं तर नातं तुटेल. उलटं होतं. चांगल्या शब्दांत सरळ विचारलं की बाईला कळतं ह्या माणसाला ह्यातलं कळतंय, ह्याला सांगायला हरकत नाही. आधी सांगून ठेवा, "मी हे सगळ्यांनाच विचारतो."

गळा. प्रत्येक बाईला विचारा, एकही सोडू नका. आपल्या बायका "गळा धरला" इतक्या हलक्यानं सांगतात की लक्षातच येत नाही. हातानं की पदरानं, एका हातानं की दोन, श्वास बंद झाला का, दिसायचं कमी झालं का, आवाज बसला का, गिळताना दुखतंय का, शुद्ध गेली का, कपडे ओले झाले का. शेवटचा प्रश्न तिला शरमेचा वाटतो, म्हणून तुम्हीच म्हणा, "श्वास कोंडला की कुणाचंही होतं, ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरला ते सांगावं लागतं." गळ्यावर वळ नसला तरी आत सूज असू शकते, डोळ्यात लाल ठिपके दिसू शकतात, आणि ज्यानं एकदा गळा आवळला त्याच्या हातनं पुढं जीव जायचा धोका कितीतरी पटीनं वाढलेला असतो. लगेच दवाखाना, एमएलसी (दवाखान्यातली पोलीस केसची नोंद), आणि वुंड सर्टिफिकेटात म्हणजे जखमांच्या दाखल्यात गळ्याचा उल्लेख येतो का ते बघा.

जॅकलिन कॅम्पबेल ह्या अमेरिकन नर्सिंग संशोधक बाईंनी १९८५ च्या सुमारास धोका मोजायची एक प्रश्नावली तयार केली, तिचा गाभा आपल्या भाषेत असा: मार वाढत चाललाय का, घरात हत्यार आहे का (आपल्याकडं बंदूक नाही विचारायची, कोयता, कुऱ्हाड, शेतातलं औषध विचारायचं), जीवे मारीन म्हणतो का आणि तो मारेल असं तिला वाटतं का, पोटुशी असताना मारलं का, संशय किती, ती घर सोडून आल्यावर काय केलं, आणि तिच्या स्वतःच्या मनात जीव द्यायचं येतं का. शेवटचं विचारायला घाबरू नका, विचारल्यानं ते मनात भरत नाही. ती "हो, औषधाची बाटली काढून ठेवलीय" म्हणाली तर जबाब बाजूला, आधी तिला एकटी सोडायची नाही आणि ती बाटली घरातनं कोण काढणार ते ठरवायचं.

रात्रीची जबरदस्ती. कायद्यात नवऱ्यानं अठरा वर्षांवरच्या बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार धरत नाहीत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तो अपवाद अजून आहे. पण म्हणून विचारायचं नाही असं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये लैंगिक छळ स्पष्ट धरलाय, आणि कलम ८५ च्या छळाच्या केसलाही त्यानं वजन येतं. "तुमच्या मनाविरुद्ध कधी जवळ आला का?" एवढं विचारून गप्प बसा.

पैशाचं दार सगळ्यात सोपं, मी बऱ्याचदा तिथनंच आत शिरते. "गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात का तुमच्या खात्यावर?" सरकार कुटुंबप्रमुख बाईला देतं त्या पैशाच्या ह्या प्रश्नाला कुठलीही बाई लाजत नाही. मग कळतं की एटीएम कार्ड नवऱ्याजवळ आहे, किंवा रेशन कार्डावर सासू कुटुंबप्रमुख म्हणून पैसे तिच्याकडं, किंवा स्त्रीशक्ती संघातनं (बचत गटातनं) हिच्या नावावर कर्ज काढून त्यानं गाडी घेतली. हा सगळा आर्थिक छळ आहे, कौटुंबिक हिंसाचार कायद्यातच बसतो, आणि तिथनं बोलणं आपोआप मारापर्यंत जातं.

सीमेचा घोळ

आपल्याकडं दर तिसरं लग्न सीमेपलीकडं. पोरगी निपाणीची, दिली कागलला. चंदगडची पोरगी बेळगावच्या वडगावात विणकराच्या घरात. मार तिकडं खाल्ला, माहेर इकडं. मग इकडचे म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात हे कर्नाटकातलं आहे, आणि बाई बसस्टँडवर. ह्या पाठवापाठवीत जेवढा विश्वास जळतो तेवढा कशातच नाही.

तर हे पाठ करा. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं रुपाली देवी केसमध्ये सांगितलंय की छळामुळं घर सोडून बाईनं जिथं आसरा घेतला तिथंही केस चालू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं घटना कुठल्याही हद्दीतली असो, फिर्याद नोंदवून घ्यायची, झिरो एफआयआर. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २७ म्हणतं ती तात्पुरती जिथं राहतेय तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो आणि आदेश देशभर लागू. म्हणून ती "मी बरोबर जागी आलेय का साहेब?" विचारायच्या आधीच सांगा, "अक्का, तुम्ही बरोबर जागी आलाय." एवढ्या वाक्यावर बायका रडलेल्या बघितल्यात मी.

वाचून दाखवणं

फिर्याद असेल तर तिची सही लागते, म्हणून सही आधी नाही, वाचणं आधी. एकेक वाक्य कन्नडमधनं मराठीत, हळू. वाचणारा लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असला तर उत्तम. "बरोबर आहे ना?" विचारू नका, ती हो म्हणणारच. "ह्यात काय राहिलं? काय मी चुकीचं लिहिलं?" असं विचारा, आणि तिनं काही सांगितलं तर तिच्यासमोर दुरुस्त करा. साहेबानं आपल्या सांगण्यावरनं कागद बदलला हे तिनं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते, ती मागेपर्यंत थांबू नका. नंतर तपासात घेतलेल्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१, आणि ते तिला सांगा, नाहीतर तिला वाटतं माझा जबाब खराच धरला नाही.

वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून दिसतात. फोटो दोनदा काढा.

ती जाताना

सगळ्यात जास्त गडबड इथं होते, कारण सगळे दमलेले असतात. कायद्यानं पोलिसांनी तिला सांगायच्या गोष्टी आहेत: संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं (आपल्याकडं ते काम सीडीपीओ म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी बघतात), ते घटनेचा अहवाल करून मॅजिस्ट्रेटकडं देतात, राहत्या घरातनं तिला काढता येत नाही असा आदेश मिळू शकतो, वकील फुकट मिळतो. नंबर सांगताना चार-चार सांगू नका, पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ पुरे, वकिलासाठी १५१००. कागदावर लिहून द्यायच्या आधी विचारा, हा कागद घरी सापडला तर काय होईल? कितीतरी बायका नंबर ब्लाउजच्या आत नाहीतर पोराच्या वहीच्या शेवटच्या पानावर "शाळेच्या बाई" म्हणून लिहितात. एफआयआरची प्रत माहेरी ठेवू दे.

आज रात्री कुठं झोपणार? हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू देऊ नका. सासरीच जाणार म्हणाली तर रागावू नका, ओरडू नका. शेजारचं कुठलं घर, कुठल्या दारानं बाहेर, पोरांना काय सांगून ठेवायचं एवढं तरी बसून ठरवा. आणि चार दिवसांनी "केस मागं घेते" म्हणून आली तर हा तुमचा पराभव धरू नका, तिला एकटीला आत घ्या, कोण बाहेर उभं आहे ते खिडकीतनं बघा आणि मग विचारा काय झालं. परत यायचं दार उघडं आहे हे त्याच वेळी सांगायचं असतं. तपास कुठवर आलाय हे नव्वद दिवसांत तिला कळवणं तर आता कायद्यानंच तुमच्यावर आहे, पण नव्वद कशाला, आठ दिवसांनी एक फोन करा.

फोन कसा करायचा तेही तिलाच विचारून डायरीत लिहा. माझ्या डायरीत एकीच्या नावापुढं असं आहे: दुपारी दोन ते तीन, सासू झोपलेली असते. बाईनंच करायचा, "संघाच्या मीटिंगचं बोलतेय" म्हणायचं. ती "उद्या येते" म्हणाली तर ठीक आहे, "नंबर चुकला" म्हणाली तर ११२ ला सांगून लगेच गाडी पाठवायची. उचलला नाही तर परत लावायचा नाही.